प्रोटोएपिजेनोन : नेच्यातला एक रेणू

नेच्यांना ना फूल, ना बी. पानाच्या पाठीवर बीजाणूंचे तपकिरी पुंजके धरायचे आणि वाऱ्यावर सोडायचे, एवढ्या बळावर हे कूळ ३५ कोटींहून अधिक वर्षं टिकून आहे. किडी आणि बुरशीपासून पळ काढता येत नाही, म्हणून त्यांनी पानांतच रसायनं साठवली. त्यांतलंच एक प्रोटोएपिजेनोन. तैवानमधल्या काओशुंग वैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी ते थेलिप्टेरिस टोरेसियाना या नेच्यातून वेगळं केलं आणि २००५ साली जगापुढे मांडलं.

पार्सलीत सापडणाऱ्या एपिजेनिनचं हे भावंड. दोघांतही तीन कडी. पण प्रोटोएपिजेनोनमध्ये एका कड्याचं मूळचं स्थैर्य मोडलेलं असतं. त्यामुळे ते कडं प्रथिनांतल्या गंधकाला चटकन चिकटतं. सगळी करामत या एका कड्याची. पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूचा साठा घटतो, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते.

दुसरा परिणाम अधिक मोलाचा. डीएनएला इजा झाली की एटीआर नावाचं प्रथिन सीएचके-१ या दुसऱ्या प्रथिनाला निरोप धाडतं. विभाजन थांबतं, दुरुस्ती सुरू होते. सिस्प्लाटिन या कर्करोगावरच्या औषधाच्या माऱ्यातून कर्करोगाची पेशी अनेकदा याच दुरुस्तीमुळे वाचते. प्रोटोएपिजेनोन तो निरोपच अडवतं. उंदरांवरच्या प्रयोगांत बीजांडकोश आणि पुरःस्थ ग्रंथीच्या गाठींची वाढ त्याने रोखली. शिवाय ते प्रयोगशाळेत एपिजेनिनपासून बनवता येतं. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधासाठी सुरुवातीला यू वृक्षांची साल सोलावी लागली, तशी वेळ या नेच्यावर येणार नाही.

मात्र नेच्यांच्याच कुळात ब्रॅकनही आहे. त्यातलं टाक्विलोसाइड नावाचं रसायन डीएनएला चिकटतं. ब्रॅकन चरणाऱ्या गुरांना मूत्राशयाच्या गाठी होतात, लघवीतून रक्त जातं. जपानी लोक त्याचे कोवळे कोंब खातात, पण आधी राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात मुरवून.

म्हणून नेच्याचा काढा हा कर्करोगावरचा उपाय नव्हे. बशीतल्या पेशी मारणं सोपं; निरोगी पेशी राखून रोगट तेवढ्या मारणं कठीण. गंधकाला चिकटणारं कडं चांगल्या प्रथिनांनाही सोडत नाही. त्याला योग्य जागी नेमकं पोचवायचं कसं, यावरच या रेणूचं औषध होणं अवलंबून आहे. ते काम चिकाटीचं आहे, आणि ते व्हायलाच हवं.