चिमणीच्या आतली चिमणी

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरियन काळातली, भिंतीला भिंत लागून बांधलेली घरे अजून नांदती आहेत. प्रत्येक छपरावर विटांचे जाड धुराडे, माथ्यावर मातीची चार-सहा नळकांडी. खालच्या खोल्यांमधल्या फायरप्लेसचा धूर आपापल्या पोकळीतून वर येई. दोन पोकळ्यांमध्ये बहुधा अर्ध्या विटेचीच भिंत असे. आतून गिलावा असे, तोही चुन्यात शेण कालवून. आपल्या गवंड्यांना ही रीत मुळीच परकी वाटली नसती.

कोळशाच्या धुरातल्या गंधकाने हा चुना वर्षानुवर्षे खाल्ला. गिलावा सुटला, विटांचे सांधे उघडे पडले. आता खाली आग पेटवली की धूर वरच्या झोपायच्या खोलीत किंवा शेजाऱ्याच्या घरात झिरपू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. म्हणून या जुन्या धुराड्यात पोलादी लायनर, म्हणजे आतली नळी, सोडतात.

या पोकळ्यांचा इतिहास काळा आहे. 9 इंच चौरसाच्या पोकळीत लहान मुलांना चढवून काजळी खरवडून घेत. या मुलांना पुढे होणारा वृषणकोशाचा कर्करोग काजळीमुळे होतो, असे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली लिहिले. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. पुढे कायदे झाले आणि ते धाब्यावरही बसवले गेले. 1875 मध्ये केंब्रिजजवळ फुलबोर्नच्या रुग्णालयाचे धुराडे साफ करताना जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकून मेला. त्याच वर्षी समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी नवा कायदा करून घेतला, आणि ही प्रथा अखेर थांबली.

लायनरची गरज वाढली ती मात्र चांगल्या स्टोव्हमुळे. उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराबरोबर वर निघून जाई. त्यामुळे धुराडे तापलेले राही आणि धूर जोराने ओढला जाई. लाकडावर चालणारा आजचा बंद स्टोव्ह ती ऊब खोलीतच ठेवतो. मग उरलेला कोमट धूर रुंद पोकळीत शिरला, की पात्र पसरलेल्या नदीसारखा मंदावतो, थंड होतो आणि भिंतींवर डांबरासारखा थर धरतो. हा थर पेटला की धुराड्यातच आग लागते. 150 मिलिमीटर व्यासाच्या लायनरचे तोंड त्या जुन्या पोकळीच्या जेमतेम तिसरा हिस्सा असते. धूर त्यातून गरम आणि वेगात जातो.

लायनर पोलादी पट्ट्यांचा, दुहेरी आणि लवचिक असतो. बाहेरून वळ्यावळ्यांचा, आतून गुळगुळीत. लाकूडच जाळायचे असेल तर 316 दर्जाचे पोलाद चालते. कोळशाच्या जातीचे इंधन असेल तर गंजाला जास्त दाद न देणारे 904 घ्यावे. इथे काटकसर करू नये.

आधी धुराडे साफ. मग छपरावरून दोर खाली सोडतात, लायनरच्या टोकाला निमुळती टोपी लावून दोर बांधतात. एकजण वरून लायनर सोडतो, दुसरा खालून ओढतो. धुराड्याला मध्येच वळण असते, तिथे जबरदस्ती केली तर पोलाद फाटते. लायनरवरचा बाण धुराच्या दिशेने, म्हणजे वर असलाच पाहिजे. माथ्यावर पट्ट्याने लायनर टांगतात, वर पावसाची टोपी बसवतात, खाली स्टोव्हच्या नळीला जोडतात. भोवतीच्या पोकळीत अनेकजण वर्मिक्युलाइटचे हलके दाणे ओततात. त्याने लायनर उबदार राहतो.

इंग्लंडमध्ये हे काम स्वतः करायला बंदी नाही, पण तसे करणाऱ्याने स्थानिक कौन्सिलच्या बांधकाम विभागाला आधी कळवून तपासणी करून घ्यावी लागते. हेटास या संस्थेकडे नोंदणी असलेला कारागीर स्वतःच दाखला देऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही बाबतींत सक्तीचा.

तिकडे जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना एवढेच सांगायचे: दिवाणखान्यातला स्टोव्ह कितीही देखणा असला, तरी धुराड्याची तपासणी आणि धुराची चाचणी झाल्याशिवाय काडी लावू नका. लायनर बसवल्यावरही वर्षातून एकदा तरी सफाई करून घ्या.