दरवर्षी तोच वर्ग, तरी दरवर्षी नवी मुलाखत: सीएचबी प्राध्यापकांना पुन्हा नेमणुकीचा हक्क आहे का?

जून-जुलै आला की वर्तमानपत्रांत एक ठरावीक जाहिरात दिसू लागते: तासिका तत्त्वावर प्राध्यापक पाहिजेत. खाली विषय, जागा आणि मुलाखतीची तारीख. मुलाखतीला आलेल्यांमध्ये अनेकदा त्याच कॉलेजात कित्येक वर्षं तोच विषय शिकवणारेही असतात. नेट-सेट झालेलं असतं, काहींची पीएच.डी.सुद्धा. तरी फाईल घेऊन पुन्हा बाकावर बसायचं, कारण मागचं सत्र संपलं तशी त्यांची ऑर्डरही संपलेली असते.

हे सीएचबी, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'वरचे प्राध्यापक. जेवढे तास घेतले तेवढंच मानधन. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा या काळात तासच नाहीत, त्यामुळे पैसेही नाहीत. बातम्या बहुतेक मानधनाच्याच होतात. यूजीसीने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचवला. महाराष्ट्रातला दर त्याच्या खाली आहे. पण दर वाढला तरी एक प्रश्न तसाच राहतो: पुढच्या जूनमध्ये आपण तिथे असू का?

पुन्हा घ्यायलाच हवं, असा नियम आहे?

थेट उत्तर: नाही. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरतीच असते आणि ऑर्डरमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. विद्यार्थी कमी झाले, विषयाचा वर्कलोड घटला, तर तासिका जातात.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत कंत्राटी प्राध्यापकांबद्दल चांगल्या गोष्टी आहेत. त्यांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगाराइतके पैसे मिळावेत. याच नियमांत एक खोच आहे. पुढे कायम नोकरी लागली, तर आधीची कंत्राटी सेवा पदोन्नतीसाठी धरायला 'तेव्हा नियमित पगाराइतके पैसे मिळत होते' ही अट आहे. म्हणजे कमी पैशांत काम केलं म्हणून ती वर्षंही मोजायची नाहीत! तासावर राबलेल्या माणसाचं यात दुहेरी नुकसान होतं.

मग कोर्टाने काय म्हटलंय?

सीएचबीवाल्यांनी लक्षात ठेवावा असा निकाल मध्य प्रदेशातून आलेला आहे. तिथे सरकारी कॉलेजांमध्ये 'जनभागीदारी समिती' अतिथी प्राध्यापक नेमते. एक वर्ष संपलं की पुन्हा जाहिरात, पुन्हा नवे उमेदवार. त्यातले काही जण सुप्रीम कोर्टात गेले. एप्रिल २०२२ मध्ये मनीष गुप्ता प्रकरणात कोर्टाने सांगितलं की एका हंगामी शिक्षकाला काढून त्याच्या जागी दुसरा हंगामी शिक्षक आणता येणार नाही. नियमित निवडीने उमेदवार येईपर्यंत आधीच्यांना काम करू द्यावं. तत्त्व जुनंच आहे, १९९२च्या प्यारा सिंह निकालातलं.

यातून नोकरी कायम होत नाही. जागा नियमित भरली की जावंच लागेल, वर्कलोडच उरला नाही तरी तेच. आणि हा हक्क आपोआप मिळत नाही, त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं. ज्याची पुढची ऑर्डर संस्थाचालकांच्या हातात आहे, तो त्यांच्याविरुद्ध याचिका करायला सहज धजावत नाही. खरी अडचण इथेच आहे.

कायम करण्याच्या मागणीपुढे २००६चा उमादेवी निकाल उभा राहतो. नुसती बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं. मात्र मंजूर रिक्त पदावर, पात्रता असताना, दहा वर्षं काम केलेल्यांसाठी एकदाच अपवाद ठेवला. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलं की उमादेवी निकाल जुन्या कर्मचाऱ्यांना डावलण्यासाठी ढाल म्हणून वापरू नका. तो खटला सफाई आणि बागकाम करणाऱ्यांचा होता, पण वकील तो आता सगळीकडे दाखवतात.

दुसरीकडे काय करतात?

हरियाणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेत कायदाच केला. सरकारी कॉलेजांतल्या, पाच वर्षं सेवा झालेल्या पात्र एक्स्टेन्शन आणि अतिथी लेक्चररना निवृत्तीच्या वयापर्यंत संरक्षण मिळालं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाची वाट वेगळी आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपर्यंतच तास देता येतात. पण २०१६च्या कायद्यानुसार कॉलेजांना शिक्षक संघटनेशी 'पुन्हा नेमणुकीत प्राधान्य' या मुद्द्यावर वाटाघाटी कराव्या लागतात. किती सत्रं शिकवलं, मूल्यमापन कसं झालं, यावर प्राधान्य ठरतं. यात कायम पदाचं आश्वासन नाही, फक्त पुढच्या सत्राचे तास वाटताना आधी कुणाला विचारायचं, हे कागदावर येतं. सीएचबीच्या जाहिरातीआधी असा साधा नियम महाराष्ट्रातही करता येईल, त्यासाठी नवीन पदंही लागणार नाहीत.

तोपर्यंत कागद जपा. जाहिरातीचं कात्रण, मुलाखतीचं पत्र, प्रत्येक वर्षाची ऑर्डर, मानधन जमा झाल्याच्या बँक नोंदी. कोर्टात पहिला प्रश्न 'मंजूर पदावर, रीतसर निवडीने नेमणूक होती का?' हाच येतो. ऑर्डरची प्रत दिली जात नसेल, तर अनुदानित कॉलेजात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.