तळ दिसतो म्हणून पाणी चांगलं?

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पडत राहिला. विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, महापालिकेला टँकरनं पाणी पुरवावं लागलं. कचरा डेपो आणि विहिरीचं नातं महाराष्ट्राला इतकं ठाऊक असूनही पाणी पारखताना लोक अजून जिभेवर आणि नाकावर भरवसा ठेवतात. वास नाही, चव बरी, तळ स्वच्छ दिसतो. मग अडचण काय?

अडचण ही की शिसं, कॅडमियम, नायट्रेट यांना रंगही नाही आणि वासही नाही. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत मुरताना बराचसा काळेपणा मागे टाकतं. क्लोराइड मात्र मातीत अडकत नाही, भूजलाबरोबर पुढे सरकतं. म्हणून आधी गोड असलेल्या विहिरीत क्लोराइड चढू लागलं, की जाणकार कान टवकारतात.

दुसरा भरवसा टीडीएस मीटरचा. हे यंत्र विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतं, बस्स. भारतीय मानकानुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो, पण शिशाची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम. शिसं दहापट झालं तरी मीटरला पत्ता लागायचा नाही!

उकळण्यानं जंतू मरतात, हे खरंच. पण वाफ उडून जाते आणि नायट्रेट भांड्यातच उरतं, उलट थोडं दाटच होतं. त्याची मर्यादा 45 मिलिग्रॅम. त्याहून फार जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाची दूध पावडर कालवणं धोक्याचं. पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडरही जंतूंपुरतीच.

‘डेपो आमच्यापासून लांब आहे’ हाही फसवा दिलासा. 2016 च्या घनकचरा नियमांनी भरावभूमी पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर ठेवायला सांगितलं खरं, पण दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाट काढतं. जवळची विहीर वाचते, उताराकडची लांबची सापडते. त्याच नियमांनी भरावाभोवतीचं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितलं होतं. म्हणजे एकदाचा अहवाल फ्रेम करून लावण्यात अर्थ नाही.

नमुना घेण्यातही गफलत होते. मिनरल वॉटरची रिकामी बाटली विसळून भरलेलं पाणी जंतुतपासणीला कुचकामी. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते आणि नमुना थंड ठेवून 24 तासांच्या आत पोचवावा लागतो. जड धातूंसाठी बाटली वेगळी, त्यात आम्ल घालतात. बोअरवेल असेल तर पंप काही मिनिटं चालू ठेवून मगच पाणी भरायचं.

आणि ‘पिण्यास योग्य’ हा शेरा फक्त तपासलेल्या घटकांपुरता असतो. नेहमीच्या तपासणीत जड धातू असतीलच असं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत जाताना जवळ डेपो आहे हे सांगा आणि क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, शिसं, कॅडमियम, ई. कोलाय ही नावं लिहूनच न्या.