दूरचे शिक्षण आणि दूर ठेवलेली माणसे

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले ते मुलांना शाळेत न बोलावताच. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने शिक्षण खात्याने अभ्यासमाला चालवली. शाळा आणि शिक्षण या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येतात, शाळा बंद ठेवूनही शिक्षण चालू राहू शकते, असे हे नाव गृहीत धरते. हे गृहीत कोणाच्या घराकडे पाहून धरले गेले, याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

साथ ओसरली, मग आता ही चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. साथ ओसरली असली तरी गृहीत ओसरलेले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीची हवा विषारी झाली, तेव्हा पाचवीपर्यंतच्या मुलांनाच प्रथम घरी बसवून पडद्यावरच्या वर्गात पाठवण्यात आले. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (२०२०) डिजिटल शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे घरी राहून शिकण्याचा दिवस हा आता आपत्तीतला अपवाद उरलेला नसून तो शासनाच्या हाताशी असलेला एक पर्याय झाला आहे. म्हणून प्राथमिक शाळेतील मुलाचा असा एक दिवस नेमका कसा जातो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

कागदावरचा दिवस असा होता. जुलै २०२० मध्ये शासनाने वर्गवार वेळा ठरवून दिल्या. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी रोज अर्ध्या तासाची दोन सत्रे, तिसरी ते आठवीसाठी पाऊण तासाची दोन सत्रे. लहान वर्गांच्या सत्रातील काही वेळ पालकांशी बोलण्यासाठी राखलेला होता. मोबाइल नसलेल्यांसाठी सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीची मालिका सुरू झाली. व्हॉट्सअॅपवर धडे येत, 'दीक्षा' अॅपवर चित्रफिती असत. लहान मुलांनी पडद्यासमोर फार वेळ बसू नये, हा विचार योग्यच होता. योजना करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आता घरातला दिवस पाहू. हे कोणा एका मुलीचे चित्र नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही वस्तीत अशी दहा घरे सापडतील. मुलगी तिसरीत आहे. घर एका खोलीचे, वर पत्रा. घरात मोबाइल एकच, आणि तो बापाच्या खिशात. बाप सकाळी आठ वाजता मजुरीच्या नाक्यावर जातो. मोबाइल घरी ठेवून जाणे त्याला परवडत नाही, कारण कामाचा निरोप त्याच्यावरच येतो. दहा वाजता मास्तरांचा धडा मोबाइलवर येऊन पडतो. त्या वेळी मोबाइल कुठल्या तरी बांधकामावर वाळूच्या ढिगाशेजारी असतो, आणि मुलगी हापशावर पाण्याच्या रांगेत.

आई खुरपणीला गेलेली असते. धाकटा भाऊ मुलीच्या कडेवर असतो. अंगणवाडीही बंद, त्यामुळे त्याला सांभाळण्याचे काम आपोआप तिच्याकडे आले. शेजारच्या घरी टीव्ही आहे. पण त्याचे रिचार्ज संपलेले असते, नाहीतर वीज गेलेली असते, नाहीतर त्या घरच्या माणसांना दुसरे काही पाहायचे असते. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून पाहिलेला धडा हा उपकार असतो. उपकारावर हक्क सांगता येत नाही.

दुपार होते. शाळेत या वेळी खिचडीचे ताट समोर आले असते. साथीच्या काळात पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ घरी देण्यात आली. ती घराच्या भांड्यात गेली आणि घराच्या भुकेत वाटली गेली. ते योग्यच झाले, कारण कामे बंद होती आणि सगळेच उपाशी होते. पण शाळेतले ताट त्या मुलीचे एकटीचे होते. तिच्या नावाने हजेरी लागत होती आणि तिच्या नावाने ताट वाढले जात होते. घरी आलेल्या धान्यावर तिचे नाव राहिले नाही.

संध्याकाळी सात वाजता बाप परत येतो. मोबाइलचा डेटा अर्धा संपलेला असतो. पहिला हक्क दहावीतल्या भावाचा, कारण त्याला बोर्डाची परीक्षा आहे. मग सातवीतल्या भावाचा. तिसरीतल्या मुलीची पाळी येईपर्यंत नऊ वाजतात. चित्रफीत अडखळत चालू होते. खाली सूचना असते : 'पालकांनी ही कृती मुलाकडून करून घ्यावी.' आई दिवसभर वाकून आलेली, आणि अक्षरओळख नसलेली. बाप सही करण्यापुरता शिकलेला. मुलगी एक ओळ वहीत उतरवते. वहीचा फोटो काढून मास्तरांकडे पाठवला जातो. पलीकडे दोन निळ्या खुणा उमटतात. शिक्षण झाले, अशी नोंद होते.

या दिवसात शिक्षणाची अशी वेळ किती होती? फार तर वीस मिनिटे. पण मिनिटांच्या हिशेबापेक्षा त्या सूचनेतला 'पालक' हा शब्द अधिक महत्त्वाचा आहे. हा पालक दिवसा घरी असतो, त्याला वाचता येते, त्याच्याजवळ स्वतःचा मोबाइल असतो आणि मुलाशेजारी बसण्याइतकी उसंत असते. हा पालक मध्यमवर्गीय आहे आणि बहुधा सवर्ण आहे. योजनेने त्याला सर्वांचा पालक मानले. पहिल्या पिढीने शाळेत जायचे म्हणजे घरात शिकवणारे कोणी नसताना जायचे. त्या मुलाला घराच्या आधारावर सोडणे म्हणजे जे त्याच्याजवळ नाही तेच त्याच्याकडे मागणे होय.

हे केवळ अनुमान नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती, तर ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शासनाने शाळा मोबाइलवर नेली तेव्हा ही आकडेवारी त्याच्यासमोर होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांमधील सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागातील फक्त ८ टक्के मुले नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. त्याच गरीब वस्त्यांत जातीनुसार पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ४ टक्के होती, इतरांपैकी १५ टक्के. दारिद्र्य सारखे असतानाही अंतर पडले. तेव्हा हा प्रश्न केवळ गरिबीचा आहे, असे म्हणून जातीचा विषय बाजूला सारता येणार नाही.

पुढचा परिणामही नोंदला गेला आहे. 'असर' पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. महाराष्ट्रात पहिलीपासूनचे वर्ग भरवण्यास परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही दिवस बंद झाले. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने पहिले वर्ष फळा न पाहता संपवले. परीक्षेविना तो दुसरीत गेला आणि दुसरीचेही अर्धे वर्ष घरीच बसला. त्याच्या दाखल्यावर यातले काही दिसत नाही.

आता मोबाइल घरोघर पोचले आहेत, त्यामुळे पुढच्या वेळी अडचण येणार नाही, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद अपुरा आहे. घरात मोबाइल असणे आणि तो लहान मुलीच्या हाती, दिवसा, डेटासह असणे यांत मोठे अंतर आहे. आणि समजा, प्रत्येक मुलाला स्वतंत्र मोबाइल दिला, तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. तो प्रश्न जागेचा आहे.

आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा जागा मिळवण्याचा इतिहास आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. सरकारने त्याची मागणी तत्त्वतः न्याय्य मानली आणि प्रवेश नाकारला. एका मुलाला घेतले तर शाळा इतरांच्या उपयोगाची राहणार नाही, हे कारण. पुढे दार किलकिले झाले, तेव्हा मूल पडवीत बसले. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून गोणपाट नेत, त्यावर वेगळे बसत आणि संध्याकाळी ते परत घरी आणत. शिपाई हजर नसला तर पाणी मिळत नसे. भिंतीआडून ऐकायचे, लांबून पाहायचे, प्रश्न विचारायचा नाही, हे दूरस्थ शिक्षण या देशाने आमच्या पूर्वजांना कोणत्याही यंत्राशिवाय दिलेले आहे. आपली सारी धडपड ते अंतर तोडण्यासाठी होती. शाहू महाराजांनी ३० सप्टेंबर १९१९ रोजी कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला, तोही याच अंतराविरुद्ध.

घरात अभ्यास का होत नाही, हेही या चळवळीला फार आधी उमगले होते. परळच्या चाळीत एकाच खोलीत सुभेदार रामजींचे कुटुंब राहत असे. भीमराव लवकर झोपत, रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत. रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात विद्या होती, निश्चय होता, आणि तरीही एका मुलाच्या अभ्यासाला जागा नव्हती. त्या घरात टिकायला दिवसा शाळा लागली. १९०८ मधील कोल्हापूरचे मिस क्लार्क वसतिगृह असो की बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात काढलेले वसतिगृह असो, मुलाला घराबाहेर अभ्यासाची जागा देणे हेच त्यांचे काम होते. जे विसाव्या शतकाच्या आरंभी ठाऊक होते, ते २०२० मध्ये विसरले गेले.

शाळा म्हणजे स्वर्ग नव्हे, हे आपल्याला इतरांनी सांगण्याची गरज नाही. दलित आत्मकथने वाचणाऱ्याला ते माहीत आहे. माझ्या पिढीनेही वर्गात जातीवरून हाक मारलेली ऐकली आहे. पण गावात वाडा वेगळा, वस्ती वेगळी, विहीर वेगळी, स्मशान वेगळे. सहा ते दहा वर्षांची सगळी मुले दिवसाचे पाच तास एका छपराखाली बसतात, अशी गावात एकच जागा असते. निरनिराळ्या समूहांत विचारांची आणि अनुभवांची देवाणघेवाण मोकळेपणी होत राहिली पाहिजे, त्याखेरीज लोकशाही समाज संभवत नाही, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये प्रतिपादन केले. ही देवाणघेवाण मुलाच्या आयुष्यात प्रथम वर्गात घडते. घर जातीच्या आत असते. मुलाला घरी बसवले की ते जातीच्या आत बसते आणि बापाच्या धंद्याच्या जवळ बसते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुलाला गावी ठेवायचे ते शाळेसाठी. शाळाच बंद, तर मूल बैलगाडीत बसते आणि फडावर जाते. तिथे त्याच्या हाती पाटी पडण्याचा संभव कमी, वाढे वेचण्याचे काम पडण्याचा संभव जास्त.

या काळात टेकडीवर चढून, झाडाखाली बसून मोबाइलचा सिग्नल शोधणाऱ्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापली. मुलांची जिद्द खरी होती. पण राज्यघटनेच्या २१ अ कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. हक्क मिळवण्यासाठी मुलाला टेकडी चढावी लागत असेल तर छायाचित्राखाली कौतुकाऐवजी जाब छापायला हवा होता.

त्याच काळात वेगळे प्रयत्नही झाले. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघरच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून वर्ग भरले. अनेक शिक्षक साथीच्या सर्वेक्षणाची कामे सांभाळून वस्त्यांवर स्वाध्यायाचे कागद वाटत फिरले. माझ्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी वसतिगृहे बंद झाल्यामुळे गावी परतले होते. त्यांनी समाजमंदिरात, विहारात पाच-सहा मुलांच्या तुकड्या बसवल्या. त्यांतल्या एकाने मला सांगितले, "सर, शिकवणं अवघड नाही. मुलं घरातून बाहेर येतात, हेच निम्मं काम." या साऱ्या प्रयत्नांत एक सूत्र समान आहे. शिक्षण मोबाइलमधून बाहेर काढून त्यांनी वस्तीत एक सामाईक जागा निर्माण केली.

यातून काही मागण्या निघतात. पहिली, संकटात प्राथमिक शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी. दुसरी, प्रत्येक मुलापर्यंत धडा पोचल्याची हजेरी नसेल तर घरचा दिवस शाळेचा दिवस म्हणून मोजू नये. तिसरी, शाळेची इमारत बंद ठेवावीच लागली तर समाजमंदिर, विहार, ग्रामपंचायतीची खोली येथे लहान तुकड्या भराव्यात, छापील पुस्तक आणि दुपारचे ताट तिथेच मिळावे. चौथी मागणी तातडीची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. वस्तीतली, तांड्यावरची, पाड्यावरची शाळा ही बहुधा कमी पटाचीच असते. ती हलवली तर सहा वर्षांच्या मुलीसाठी शाळा पुन्हा दूर जाते.

कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी शासनाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. जून २०२० मध्ये आपल्या वस्तीतील किती मुलांची नावे पहिलीत घातली गेली, त्यांतली आज किती शाळेत आहेत आणि त्यांना वाचता येते का, एवढी तीन उत्तरे घरोघर जाऊन वहीत लिहावीत. त्यासाठी अनुदान लागत नाही, एक आठवडा लागतो. ही वही हाती असली म्हणजे 'शिक्षण चालूच होते' असे म्हणणाऱ्याला नावानिशी उत्तर देता येईल. आणि ज्या मुलाला वाचता येत नाही त्याच्या दारात आपण उभेच असू, तेव्हा त्याला घेऊन जायची जागाही आपल्यालाच शोधावी लागेल.