सीमेवरचं पाणी कुणाचं, जमीन कुणाची?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाच्या घाटावर उभं राहिलं की समोर तेलंगण दिसतं. प्राणहिता इथून थोडं खाली गोदावरीला मिळते आणि दोन्ही राज्यांची हद्द नदीच्या पात्रातून जाते. गडचिरोलीबाहेरच्या पुष्कळांना वाटतं, नदी सामाईक म्हणजे पाणी निम्मं-निम्मं. तसं ते नाही. गोदावरीच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. राज्याराज्यांनी आपापसांत केलेले करार पाया धरून लवादाने जुलै १९८० मध्ये निवाडा दिला. कोणत्या उपखोऱ्यात, कुठपर्यंतचं पाणी कोणी वापरायचं, हे त्यातून ठरलं. हद्दीची रेघ हा त्या वाटणीचा आधार नव्हता.

गोदावरीवरचं मेडीगड्डा धरण तेलंगणने परस्पर बांधलं, हा समज तर सिरोंचा तालुक्यातही ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी, की २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला आणि मेडीगड्ड्याची पाणीपातळी १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ च्या उद्घाटनाला महाराष्ट्राचे मुख्यमंत्रीही हजर होते. ८५ दरवाज्यांचं, दीड किलोमीटरहून लांब असं हे बॅरेज संगमाच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे दरवाजे टाकले की फुगवटा गोदावरीत चढतो तसाच प्राणहितेतही चढतो. उपसलेलं पाणी तेलंगणच्या शेतीला, आणि मिरची, कापूस, भात पिकवणाऱ्या सिरोंचाच्या काठाला बुडीत. जुलै २०२२ च्या महापुरानंतर इथले शेतकरी उपोषणाला बसले, कारण बुडीतात येणाऱ्या बारा गावांतल्या उरलेल्या जमिनीचं संपादन तोवर रखडलेलंच होतं. संमती महाराष्ट्राने दिली होती. मग आपल्या माणसांचा मोबदला पाणी अडण्याआधी हातात पडेल हे पाहणंही महाराष्ट्राचंच काम होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने दरवाजे उघडे ठेवायला सांगितलं आणि पाणी साठवणं थांबलं. म्हणून प्रश्न मिटला, असं मानणं चुकीचं आहे. दुरुस्ती झाली की दरवाजे पुन्हा बंद होतील.

हीच गोदावरी पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे नदीमुखासमोरच्या खोल समुद्रात २००२ मध्ये वायूचा मोठा साठा सापडला आणि एप्रिल २००९ पासून उत्पादन सुरू झालं. ज्याचा किनारा त्याचा वायू, असं सहज वाटतं. पण संविधानाच्या कलम २९७ नुसार सागरी हद्दीतली आणि समुद्रतळाखालची खनिजं केंद्राच्या मालकीची आहेत, किनाऱ्यावरच्या राज्याची नाहीत.

देशादेशांत मात्र आधी रेघ लागते. भारत आणि बांगलादेश यांच्यात २५,६०२ चौरस किलोमीटर समुद्राचा वाद होता. वायू आणि तेलासाठी दोघांनी आखलेली क्षेत्रं एकमेकांवर चढत होती. जुलै २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने त्यातला १९,४६७ चौरस किलोमीटर भाग बांगलादेशला दिला आणि भारताने तो निवाडा मान्य केला. मोठ्या देशाचं म्हणणंच चालतं, हा समजही तिथे खोटा ठरला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातल्या, तेलंगणच्या सीमेवरच्या चौदा गावांचं दुखणं याच्या नेमकं उलट आहे. महाराजगुडा, मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर ही त्यांतली काही. इथली रेघ कायद्याने केव्हाच ठरली आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या गावांवरच्या हक्काचा वाद महाराष्ट्राच्या बाजूने संपला. तरी गावांत शाळा दोन राज्यांच्या, रेशनकार्डं दोन, सरपंच दोन. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूर मतदारसंघात १९ एप्रिलला मतदान झालं आणि तेलंगणातल्या आदिलाबादमध्ये १३ मेला. या गावांतल्या मतदारांची नावं दोन्ही मतदारयाद्यांत होती.

दोन्हीकडून योजना मिळतात म्हणजे इथल्या लोकांची चैन आहे, असं शहरात बोललं जातं. पण यांतली कित्येक कुटुंबं मराठवाड्यातून येऊन इथे वसली आणि डोंगरपठारावरची जमीन कसू लागली. ती जमीन वनखात्याच्या नोंदीत असल्यामुळे अनेकांच्या नावावर सातबारा नाही, आणि सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावं पूर्णपणे आपल्या कारभारात घेण्याची प्रक्रिया जाहीर केली. ती खरी व्हायची तर आधी मोजणीदार बांधावर पोचायला हवेत, आणि कसणाऱ्याचं नाव कागदावर चढायला हवं.