पाच लाखांचं कार्ड आणि गारगोटीचा माणूस

"पाच लाखाचं कार्ड हाय की आमच्याकडं. मग गोळ्यांचं पैसं कशाला द्यायचं?" गारगोटीत औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ थांबलं की हा प्रश्न कानावर येतो. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. कार्ड हातात देताना त्याला पाच लाख हा आकडा ठळकपणे सांगितलेला असतो. तो कशासाठी, कुठं आणि कोणाच्या परवानगीनं मिळतो, हे सांगायचं राहून गेलेलं असतं. ते इथं सावकाशीनं सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. हे कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. डायलिसिस किंवा केमोथेरपी अशा काही उपचारांना रात्रभर राहावं लागत नाही, पण तेही यादीतलेच असतात आणि यादीतल्या रुग्णालयातच होतात. तापाची गोळी, रक्तदाबाची महिन्याची पट्टी, खासगी डॉक्टरांची तपासणी फी यांतलं काहीही त्यात बसत नाही.

आता हे कार्ड आलं कुठून ते पाहू. महाराष्ट्रात १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या गंभीर आजारांत दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारनं मदत करायची, एवढंच तिचं रूप होतं. २ जुलै २०१२ ला तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, तीही आधी आठच जिल्ह्यांत. कोल्हापूर त्या आठांत नव्हतं. २१ नोव्हेंबर २०१३ ला योजना राज्यभर लागू झाली, तेव्हा गारगोटी ज्यात येते त्या भुदरगड तालुक्यातल्या माणसाला तिची दारं उघडली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख आणि यादीत ९७१ उपचार, असं तेव्हाचं गणित होतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड हाच पुरावा. १ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव मिळालं.

तिकडं केंद्र सरकारनं २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून आयुष्मान भारत सुरू केली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख, पण लाभार्थी ठरवले २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेच्या यादीवरून. त्यामुळं गावात मोठी गंमत झाली. एकाच वाड्यातल्या दोन भावांपैकी एकाचं नाव यादीत, दुसऱ्याचं नाही, आणि दोघांनाही कारण ठाऊक नाही. २०२० मध्ये राज्यानं दोन्ही योजना एकत्र राबवायला घेतल्या. पुढं २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं मर्यादा सगळ्यांसाठी पाच लाखांवर नेली आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसह राज्यातल्या सर्व कुटुंबांना आत घेतलं. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. उपचारांची संख्या १३५६ झाली आणि २०२५ मध्ये ती २३९९ वर नेण्याचा निर्णय झाला. सीमाभागातली ८६५ गावंही २०२३ मध्ये योजनेत धरली गेली. त्यावर कर्नाटक सरकारनं आक्षेप घेतला आणि आजारी माणसाचं कार्ड हा दोन राज्यांच्या वादाचा विषय झाला.

पाच लाख ही रक्कम कुणाच्या खात्यावर येत नाही. ती माणशीही नाही. ती अख्ख्या कुटुंबाची वर्षाची मर्यादा आहे. एकाच्या आजारात सगळी संपली तर त्या वर्षात दुसऱ्याला काही उरत नाही. अपवाद सत्तरी ओलांडलेल्यांचा. ऑक्टोबर २०२४ अखेरीस केंद्रानं सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आणलं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं, आणि कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांचे पाच लाख वेगळे धरले जातात. घरात आजी-आजोबा असतील तर हे कार्ड काढायला हयगय करू नये.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. समजा, पाटगावच्या एका आजोबांच्या छातीत पहाटे कळ आली. १०८ ची गाडी त्यांना गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात आणते. तिथं ईसीजी निघतो, पहिली औषधं दिली जातात आणि डॉक्टर सांगतात, कोल्हापूर गाठा. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. या टप्प्यावर नातेवाइकांच्या डोक्यात कार्ड नसतं, ते साहजिकच आहे. पण गाडीत बसतानाच एक गोष्ट ठरवायला हवी. न्यायचं ते रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, आणि हृदयाच्या उपचारांसाठी आहे का? यादीतलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक आजारासाठी नसतं. हाडांच्या उपचारांसाठी मान्यता असलेल्या ठिकाणी हृदयाचा रोगी नेला तर कार्डाचा उपयोग शून्य. १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर हे विचारता येतं. फोनला पैसे पडत नाहीत.

रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टरकडं धावण्याइतकंच आरोग्यमित्राला गाठणंही गरजेचं असतं. यादीतल्या रुग्णालयात योजनेचा वेगळा कक्ष असतो आणि तिथं हा माणूस बसतो. तो योजनेच्या बाजूनं नेमलेला असतो, रुग्णालयाचा नोकर नसतो. हा फरक लक्षात ठेवावा. तो रेशनकार्ड, आधार किंवा आयुष्मान कार्ड तपासतो आणि रोग्याची नोंद करतो. मग रुग्णालयाचे डॉक्टर तपासण्यांचे अहवाल जोडून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतात. पलीकडं योजनेचे डॉक्टर कागद पाहतात आणि हा उपचार यादीत बसतो का, गरजेचा आहे का, हे ठरवतात. मंजुरी आली की उपचार. आजोबांसारखा तातडीचा रोगी असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतो, कागद मागाहून येतात. म्हणून "आधी पैसे भरा, मंजुरी आली की बघू" असं कुणी म्हणालं तर आरोग्यमित्राला बोलावून समोरासमोर विचारावं.

घोळ होतो तो बहुधा नावांवरून. रेशनकार्डावर आजोबांचं नाव एक, आधारवर दुसरं. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. दोन वर्षांच्या नातवाचं नाव कुठंच नाही. धाकटा भाऊ वेगळा राहायला लागला, पण कार्ड जुनंच. एरवी या गोष्टी दहा-दहा वर्षं तशाच राहतात, कुणाचं अडत नाही. त्या पहाटे मात्र त्याच एका अक्षरावर सगळं अडतं.

मंजूर उपचाराची रक्कम आधीच ठरलेली असते. तिला पॅकेज म्हणतात. जनरल वॉर्डातली खाट, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधं, स्टेंटसारखं शरीरात बसवायचं साहित्य, रोग्याचं जेवण हे सगळं त्यात धरलेलं असतं. घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधंही त्यातच. इतकंच काय, घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही द्यायची तरतूद योजनेत केलेली आहे. ती मागणारा माणूस मात्र विरळा.

रुग्णालयाला हे पैसे नंतर मिळतात. रोग्याला घरी सोडल्यावर ते उपचाराआधीचे-नंतरचे फोटो, चित्रफिती आणि अहवाल जोडून दावा दाखल करतं. छाननीत एखादा कागद कमी निघाला तर दावा अडकतो किंवा कापला जातो. काही वर्षं दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि त्यावरचा राज्य आरोग्य हमी सोसायटीवर अशी वाटणी होती. पॅकेजचे दर कमी आहेत, पैसे उशिरा येतात, अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असते आणि ती सगळीच खोटी नाही. पण त्यातूनच एक वाईट रीत पडते. पॅकेजवर "वरचे थोडे" रोग्याकडून घ्यायचे, बिनपावतीचे. हे नियमाविरुद्ध आहे. मंजुरी मिळालेल्या उपचारासाठी पैसे मागितले तर वरच्याच क्रमांकावर तक्रार करता येते आणि ती जिल्ह्याच्या समितीपुढंही नेता येते. रोगी आत असताना तक्रार करायला घरच्यांचा जीव धजत नाही, हेही खरं. निदान पावती मागावी. पावतीचं नाव काढलं की बऱ्याचदा मागणारे गप्प बसतात.

आता दुकानातल्या त्या प्रश्नाकडं येऊ. गोळ्यांचे पैसे कोण देणार? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे उतरला आहे. तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजही आपलेच. शस्त्रक्रियेचं बिल एका दणक्यात येतं म्हणून ते दिसतं. मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी आणि गारगोटी-कोल्हापूरच्या फेऱ्या हा खर्च महिन्यामागून महिने चालतो आणि कुणाच्याच हिशेबात येत नाही.

यावर उपाय आहे, पण तो कार्डात नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेही गेले. गारगोटीचं ग्रामीण रुग्णालय आणि तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं याच विभागाची आहेत. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय मात्र राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. त्या निर्णयात या विभागाची रुग्णालयं नव्हती. त्यामुळं गारगोटीत फुकट आणि कोल्हापुरात पावती, असा अनुभव आला तर तो कारकुनाचा लहरीपणा समजू नये. सरकारची दोन खाती वेगळी, म्हणून नियमही वेगळे.

असे घोळ फक्त आपल्याकडंच आहेत असं नाही. आपल्याकडची बरीच मुलं आता अमेरिकेत आहेत. तिथं सगळं छान असेल, असं इथल्यांना वाटतं. तिथं पासष्टीनंतरच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या दोन्ही योजना १९६५ च्या कायद्यातल्या. बाकीच्यांचा विमा बहुतेक नोकरीशी बांधलेला, म्हणजे नोकरी गेली की विमाही गेला. २३ मार्च २०१० च्या ओबामांच्या कायद्यानं आधीपासून आजारी असलेल्यांना विमा नाकारण्यावर बंदी आली आणि मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या विम्यावर राहता येऊ लागलं. मेडिकेडची व्याप्ती वाढवायची की नाही, हे २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं राज्यांवर सोडलं आणि दहा राज्यांनी ती अजूनही वाढवलेली नाही. आपल्याकडं आयुष्मानचा खर्च केंद्र आणि राज्य साठ-चाळीस वाटून घेतात. इथंही पश्चिम बंगाल, ओडिशा आणि दिल्ली ही राज्यं वर्षानुवर्षं बाहेर राहिली. पैसा कोण देणार आणि पाटी कुणाच्या नावाची लागणार, हे भांडण दोन्हीकडं सारखंच. आणखी एक साम्य आहे. भरपूर खर्चून, विमा असूनही तिथल्या माणसाला सुरुवातीची मोठी रक्कम स्वतः भरावी लागते. विमा आहे म्हणजे उपचार परवडतो, असं दोन्ही देशांत म्हणता येत नाही.

या सगळ्याचा विचार फार पूर्वी केलेला माणूस गारगोटीशी जोडलेला आहे, हे इथल्या पोरांनाही फारसं ठाऊक नसतं. १९५२ मध्ये मौनी विद्यापीठ उभारणाऱ्यांतले जे. पी. नाईक शिक्षणतज्ज्ञ म्हणून ओळखले जातात. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. पण भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून 'सर्वांसाठी आरोग्य' या विषयावर जो अभ्यास केला, त्यामागंही त्यांची मोठी धडपड होती. तो अहवाल १९८१ मध्ये आला. शहरातली, वरून खाली येणारी, रुग्णालयकेंद्री व्यवस्था बाजूला सारून गावापासून सुरू होणारी, आजार टाळण्यावर भर देणारी आणि लोकांच्या सहभागानं चालणारी व्यवस्था उभारा, असं त्याचं सांगणं होतं. त्याच वर्षी नाईक गेले. देशानं नंतर जी वाट धरली, ती बऱ्याच अंशी उलटी होती. मोठ्या रुग्णालयातल्या मोठ्या उपचाराचं बिल भरायला सरकार तयार झालं, हे चांगलंच. पण तो उपचार लागूच नये म्हणून कडगाव किंवा पाटगावात वेळेवर रक्तदाब मोजणारा माणूस आणि औषधाचा न संपणारा साठा हवा. त्याला पैसा अजूनही हात आखडूनच मिळतो. मला विचाराल तर पाच लाखांचे दहा लाख करण्याआधी तिथं खर्च व्हायला हवा.

तोवर आपल्या हातात आहे ते करून ठेवावं. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का आणि ती आधारशी जुळतात का, हे पाहा. नसतील तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड वेगळं निघतं. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांसाठी आधी ग्रामीण रुग्णालयात जा. औषध शिल्लक नाही असं सांगितलं तर त्याची लेखी तक्रार करा, कारण तक्रार नसलेल्या रुग्णालयात सगळं ठीक आहे असंच वर समजलं जातं. आणि १५५३८८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आजच साठवून ठेवा.