संगणकाचे कुलूपही आयटीआयच्या मुलांना शिकवा

इतवारी-गांधीबागेतील व्यापारी रात्री शटरला दोन-दोन कुलपे लावतात. पण उधारी आणि जीएसटीचा सारा हिशेब ज्या संगणकात आहे, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून तिथेच चिकटवलेला असतो! हा संगणक सांभाळायला अनेकदा आयटीआयचा ‘कोपा’ झालेला मुलगा असतो. दहावीनंतरचा हा एक वर्षाचा अभ्यासक्रम मोमिनपुऱ्यातील पालकांनाही परवडणारा आहे. व्हायरसपासून संगणक व नेटवर्क वाचविणे हा भाग त्यात आहे. मात्र तो वहीत उतरवून भागणार नाही, असे आम्हाला वाटते.

मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फाइली अडकवून खंडणी मागितली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केले नव्हते ते सापडले. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. बँकेची ही गत, तर किराणा दुकानाचे काय?

म्हणून वर्गात मुद्दाम फाइली पुसाव्यात आणि मुलाला त्या बॅकअपमधून परत आणायला लावाव्यात. बनावट ईमेल ओळखायला द्यावा. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही आणि फसवणूक होताच 1930 वर कळवायचे, एवढे तर त्याला मालकालाही समजावता आले पाहिजे.

व्यापाऱ्यांनीही मुलाखतीत नुसता टायपिंगचा वेग पाहू नये. बॅकअप परत चढवून दाखव म्हणावे; जो दाखवील त्याला हजार-पाचशे जास्त द्यावेत.